पार्ट खरोखर कितीला पडतो? इटलीच्या कारखान्यांचा अनुभव आणि आपल्या वर्कशॉपमधला प्रमाणित खर्च

ठाणे-नवी मुंबईतल्या वागळे इस्टेट, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे या पट्ट्यात पंधरा ते चाळीस माणसांची मशीनिंगची युनिटं भरपूर आहेत. बहुतेकांकडे सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) आहे, हिशेबाला टॅली सॉफ्टवेअर आहे, आयएसओचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं आहे. तरी ‘हा फ्लँज तुम्हाला कितीला पडतो’ असं विचारलं की उत्तर येतं ते पार्टीने दिलेल्या रेटचं. खर्चाचा आकडा मार्चनंतर सीएकडून कळतो, तोही सगळ्या पार्टांचा मिळून एकच.

प्रमाणित खर्च (एक पार्ट कितीला पडायला हवा याचा आधी ठरवलेला आकडा), बजेट आणि प्रत्यक्ष खर्चाशी त्यांच्या फरकाचं महिन्याचं पत्रक ही पद्धत मूळची अमेरिकेची. ती जशीच्या तशी उचलली की फसते. कुठे फसते हे इटलीत स्पष्ट दिसतं, कारण तिथेही घरच्या मालकीचे कारखाने, छोटी बाजारपेठ आणि हिशेबाची स्वतःची जुनी परंपरा होती. परदेशी पद्धती तिथे तीनदा आल्या: १९२० च्या दशकात टेलर आणि बेदो यांच्या, काम घड्याळावर मोजण्याच्या, दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन बजेट आणि खर्चाच्या, आणि पुढे जपानी. या तिन्ही खेपांत जे टिकलं त्याचा क्रम आधी मोजमाप, मग हिशेब, मग जबाबदारी असा होता. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

आधी वेळ मोजा, आणि उघड मोजा

शार्ल बेदो हा फ्रान्समध्ये जन्मलेला, अमेरिकेत सल्लागार झालेला माणूस. त्याच्या पद्धतीत कामाचं एकक ‘बी’: एक मिनिट, ज्यात थोडं काम आणि थोडी विश्रांती धरलेली. तासाला ६० बी हे प्रमाण, त्यावर केलं तर बोनस. मूळ योजनेत त्या बोनसचा पाऊण हिस्सा कामगाराला आणि पाव हिस्सा सुपरवायझर वगैरेंना जायचा. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत तुरीनच्या फियाटमध्ये आणि इटलीतल्या इतर कारखान्यांत शिरली. बोनस कसा निघतो हे कामगाराला स्वतः ताडून पाहता येईना, मंदीत दर कापले गेले, आणि घड्याळ म्हणजे मजुरी कमी करायचं यंत्र असा समज पक्का झाला. १९३० च्या दशकाच्या मध्यात बेदोचं नाव अधिकृतपणे मागे पडलं. मिनिटं मोजून उक्ता दर लावायची रीत मात्र दुसऱ्या नावांनी चालूच राहिली, आणि तिच्याबद्दलचा संशयही.

म्हणून पहिले सहा महिने वेळेचा आकडा पगाराला, बोनसला किंवा ओव्हरटाइमला जोडू नका. हे ऑपरेटरला मशीनजवळ उभं राहून सांगा, नोटीस बोर्डावर लिहून नव्हे: “दादा, आज तुमच्या मशीनवर दहा जॉबचा टाइम घेतोय. पगाराशी याचा संबंध नाही. कागद झाला की आधी तुम्हाला दाखवतो, चूक असेल तर सांगा.” आणि खरोखर आधी त्यांनाच दाखवा. सेटिंगमधल्या (नव्या कामासाठी मशीन लावण्यातल्या) अर्ध्या चुका तिथेच सापडतात.

उदाहरणाला एक पार्ट घेऊ: ईएन८ पोलादाचा फ्लँज, ६५ मिमीच्या बारमधून, लांबी ४० मिमी, सीएनसी लेथवर. पुढचे रुपयांचे सगळे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमचे तुमच्या बिलांवरून घ्या.

ऑपरेटरच्या मागे एका बाजूला उभे राहा, पॅड त्याला दिसेल असं धरा. काम तुकड्यांत मोडा: दार उघडणं, जॉब काढणं, एअर गनने चक साफ करणं, नवा जॉब लावणं, पेडल, दार बंद, सायकल स्टार्ट. मग मशीनची सायकल. मशीन चालू असताना तो मायक्रोमीटर लावतो, कडा घासतो, ट्रे भरतो. ही मिनिटं धरायची नाहीत, ती सायकलच्या पोटात गेली. नवखे लोक इथेच चुकतात आणि वेळ दीडपट दाखवतात. सहा मिनिटांच्या आसपासच्या कामाला दहा नोंदी पुरतात. अर्ध्या मिनिटाच्या कामाला साठेक लागतात.

समजा मशीनची सायकल ४.८० मिनिटं आली आणि हाताचं काम १.२०. विश्रांती, पाणी, थकवा यांची १५ टक्के सूट फक्त हाताच्या कामावर द्यायची, कारण मशीन दमत नाही: १.२० चे १.३८ झाले. शंभर जॉबमागे इन्सर्ट (धातू कापणारं टोक) बदलायला १२ मिनिटं, म्हणजे जॉबला ०.१२. एकूण ६.३० मिनिटं. सेटिंगची ९० मिनिटं यात मिसळू नका, ती बॅचची, म्हणजे एका सेटिंगमध्ये निघणाऱ्या सगळ्या जॉबची आहेत.

सेटिंग वेगळं ठेवण्यामागे मोठं कारण आहे. फियाटच्या जोव्हानी आन्येल्लींनी अमेरिकेत फोर्डचे कारखाने पाहिले आणि तुरीनला लिंगोत्तोचा पाच मजली कारखाना उभारला. १९२३ मध्ये तो सुरू झाला. कच्चा माल खाली शिरायचा, गाडी मजल्यामागे मजला चढत जायची आणि छतावरच्या ट्रॅकवर तिची चाचणी व्हायची. कारखाना अमेरिकन धर्तीचा झाला, पण इटलीत तेवढ्या गाड्या घेणारे लोक नव्हते. फोर्डच्या पद्धतीला हवा असलेला खप तिथे आला तो १९५५ ची ‘सहाशे’ आणि १९५७ ची ‘नवी पाचशे’ या छोट्या गाड्या निघाल्यावर, तेही मिराफिओरी या फियाटच्या दुसऱ्या कारखान्यात. रबाळ्यातल्या युनिटाची बॅच ३०० ची असते, ३०,००० ची नाही. ज्या पुस्तकात सेटिंग ‘नगण्य’ म्हणून सोडलेलं असतं, ते आपल्यासाठी लिहिलेलं नाही.

मशीनचा तासाचा दर

हा दर शेजारच्या युनिटाला विचारून घेऊ नका, स्वतःचा काढा. एका सीएनसीचा महिना असा: घसारा आणि व्याज ३०,०००, दोन शिफ्टचे दोन ऑपरेटर, पीएफ आणि बोनसच्या वाट्यासह ४८,०००, वीज, तासाला सरासरी ५ युनिट, १० रुपये दराने ३५० तास, म्हणजे १७,५००, इन्सर्ट, कूलंट, ऑइल, दुरुस्ती १४,५००, जागा आणि सुपरवायझरचा वाटा ३०,०००. बेरीज १,४०,०००.

तास किती धरायचे? २५ दिवस, दोन शिफ्ट, आठ तास, म्हणजे ४००. पण दुरुस्ती, वीज, गैरहजेरी जाऊन साडेसत्याऐंशी टक्केच हाती लागले तर ३५०. दर ४०० रुपये तास. पूर्ण ४०० तासांनी भागलं तर ३५० रुपये येतो, कोटेशन स्वस्त दिसतं आणि वर्षअखेर पैसे कुठे गेले ते कळत नाही. मागच्या बारा महिन्यांत मशीन खरंच किती तास चाललं ते कंट्रोलरच्या आवर-मीटरवर असतं. तिथून घ्या.

विजेचा आकडाही मीटरवरून घ्या. मोटरच्या प्लेटवरच्या किलोवॅटने गुणलं तर तो भलताच फुगतो, कारण स्पिंडल सगळा वेळ पूर्ण भारावर नसतो. बिलातला डिमांड चार्ज मशीनच्या तासांवर हलत नाही. तो जागेच्या भाड्यासोबत स्थिर खर्चात टाका.

आता वेळेची किंमत: ६.३० मिनिटं म्हणजे ०.१०५ तास, ४०० ने ४२ रुपये. सेटिंग दीड तास, ६०० रुपये, ३०० जॉबवर वाटले तर २ रुपये.

माल, बारसकट

४० मिमीचा जॉब आणि ३ मिमी कटिंग, म्हणजे ४३ मिमी. ६५ मिमीच्या बारचं मीटरला वजन सुमारे २६.०५ किलो, म्हणून एका जॉबला १.१२ किलो. ७५ रुपये किलोने ८४ रुपये. तयार जॉब ०.६४ किलोचा असेल तर बर, म्हणजे कापलेला चुरा, निघते ०.४८ किलो, २८ रुपये किलोने भंगारवाल्याकडून १३.४४ परत. उरले ७०.५६.

प्रमाणित खर्च: ७०.५६ अधिक ४२ अधिक २, म्हणजे ११४.५६ रुपये. तारीख, ड्रॉइंगचा नंबर आणि रिव्हिजन लिहून हा कागद फाइलला लावा. यात जाणूनबुजून एक चूक ठेवली आहे. ती कुठे आहे ते महिन्याच्या पत्रकात दिसेल.

जॉब कार्ड

सगळी पद्धत या एका कागदावर उभी असते, आणि तो कागद कूलंटच्या डबक्याशेजारी ठेवलेला असतो. शिफ्ट संपताना बघा: कार्डाचा कोपरा तेलाने पारदर्शक झालेला, पेन कुणीतरी खिशात घालून नेलेलं, आणि ‘बंद वेळ’च्या रकान्यात एकच शब्द: ‘प्रॉब्लेम’. असं कार्ड ऑफिसात गेल्यावर तिथला माणूस अंदाजाने आकडे भरतो. पुढचं पत्रक मग त्या अंदाजाचं होतं.

कार्ड जाड कागदाचं, अर्ध्या पानाचं करा, मशीनवर क्लिपने उंच टांगा, पेन्सिल दोरीने बांधा. चारच गोष्टी विचारा: सुरू केव्हा, बंद केव्हा, चांगले किती, रिजेक्ट किती. बंद राहिल्याची कारणं लिहायला लावू नका. सहा अक्षरं छापून त्यांवर गोल करायला सांगा: ‘मा’ मालाची वाट, ‘त’ तपासणीची वाट, ‘टू’ टूल, ‘वी’ वीज किंवा हवा, ‘दु’ दुरुस्ती, ‘इ’ इतर. ‘इ’ वर महिन्यात पाचापैकी एकाहून जास्त गोल आले तर यादी चुकली आहे, नवं अक्षर घाला.

महिन्याचं पत्रक

महिन्यात ३०० च्या आठ बॅच, २,४०० चांगले जॉब झाले. स्टोअरमधून बार निघाला २,७७२ किलो, भाव पडला ७७. मशीनिंगचे तास लागले २७५. सेटिंग ठरल्याप्रमाणे १२ तासांत झालं.

भावातला फरक: २,७७२ गुणिले २, म्हणजे ५,५४४ जास्त. हा खरेदीकडे जातो. वापरातला फरक: २,४०० जॉबना २,६८८ किलो हवा होता, ८४ किलो जास्त लागला, प्रमाणित ७५ ने ६,३०० जास्त. वेळेतला फरक: हवे होते २५२ तास, लागले २७५, २३ तास, ४०० ने ९,२०० जास्त. एकूण २१,०४४ रुपये, आणि २,४०० जॉबचा प्रमाणित खर्च होता २,७४,९४४.

बहुतेक युनिटांत इथे ऑपरेटरला बोलावून झापलं जातं आणि पद्धत संपते. थांबा, आकडे फोडा.

८४ किलोपैकी ४८ रिजेक्ट जॉबचे ५४ किलो. उरलेले ३० किलो कुठे गेले? ३ मीटरच्या बारमधून ४३ मिमीचे ६९ तुकडे निघतात आणि ३३ मिमीचा ठोकळा उरतो, ०.८६ किलोचा. असे ३५ ठोकळे बँडसॉजवळच्या डब्यात पडले आहेत. कुणाच्या हलगर्जीपणाचा इथे प्रश्नच नाही. वर ठेवलेली चूक ती हीच. ७८.१५ किलोच्या बारला ६९ ने भागून प्रमाण १.१३ किलो धरायला हवं होतं. प्रमाणच चुकलं की दर महिन्याला तोच फरक येतो, लोक त्याला सरावतात, आणि मग खरा फरक आला तरी कुणी बघत नाही.

२३ तासांत रिजेक्ट जॉबचे ५, पहिला जॉब तपासून मिळण्याची वाट ८, बार कापून येण्याची वाट ६, वीज ट्रिप ४. म्हणजे ऑपरेटरच्या हातात फार तर ५ तास होते. आठ बॅच, आठ तास: प्रत्येक सेटिंगनंतर मशीन तासभर उभं, कारण तपासणीचा एकच माणूस दोन्ही शेडना पुरा पडत नाही.

दुसरी एक बारकाई. वाट पाहण्यात आणि वीज ट्रिपमध्ये गेलेल्या १८ तासांची किंमत ४०० ने लावू नका. मशीन उभं असताना वीज आणि इन्सर्ट जळत नाहीत. त्यांचे महिन्याचे १७,५०० अधिक १४,५००, म्हणजे ३२,००० भागिले ३५०, साधारण ९१ रुपये तासाला. खरी झळ ३०९ ची. आणि ते तास वाचवून विकायला दुसरं काम नसेल तर हाती रोख काहीच पडत नाही. तपासणीला दुसरा माणूस ठेवायचा की नाही, हे या हिशेबावर ठरवा.

जबाबदारी कारणाला चिकटवा

मूळ तोटा आणि त्यातून उपजलेला तोटा वेगळे करायचे, ही रीत इटलीत जपानमधून आली. २००० च्या दशकाच्या मध्यात फियाटने प्रा. हाजिमे यामाशिना यांच्या मार्गदर्शनाखाली ‘वर्ल्ड क्लास मॅन्युफॅक्चरिंग’ घेतलं. त्यात ‘कॉस्ट डिप्लॉयमेंट’ नावाचा खांब आहे: एका बाजूला तोट्यांचे प्रकार, दुसऱ्या बाजूला प्रक्रिया, असा तक्ता मांडून कुठला तोटा कशामुळे होतो ते शोधायचं, आणि मगच त्याला रुपये लावायचे. छोट्या युनिटाला तो डोलारा नको. एका कागदावर तीन रकाने पुरतात: कुठे दिसला, कुठून आला, रुपये किती. मशीनवर दिसलेले ८ तास तपासणीच्या खात्यावर जातात, कापणीचे ६ स्टोअरच्या.

इथे भाषेचा एक अडसर येतो, आणि तो इटलीतही आला. इंग्रजीत ‘कंट्रोल’ म्हणजे गाडी हातात ठेवणंही आलं. इटालियनमध्ये ‘कोन्त्रोल्लो’ म्हटलं की आधी तपासणी डोळ्यांपुढे येते, तिकीट तपासण्यासारखी. आपल्याकडे ‘नियंत्रण’ म्हटलं की पाळत वाटते. म्हणून पत्रकाला ‘फरकाचं पत्रक’ एवढंच साधं नाव द्या, आणि दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सुपरवायझर, स्टोअर, तपासणी आणि खरेदी यांना अर्धा तास एकत्र बसवून तेच त्यांना वाचू द्या. मालकाने शेवटी बोलायचं.

फोरमनला शिकवल्याशिवाय पुढे जाऊ नका

महायुद्धानंतर मार्शल योजनेच्या, म्हणजे युरोपला अमेरिकन मदतीच्या काळात इटलीतून लोक अमेरिकेतले कारखाने पाहायला गेले. १९५१ मध्ये उत्पादकतेसाठी राष्ट्रीय समिती झाली. १९५२ मध्ये तुरीनला ‘इप्सोआ’ ही व्यवस्थापनाची शाळा निघाली, फियाट आणि ऑलिव्हेत्ती यांच्या पाठबळाने, हार्वर्डच्या केस पद्धतीवर (खऱ्या कंपन्यांच्या उदाहरणांवर चर्चा). बजेट हा शब्द इटालियनमध्ये तसाच राहिला.

त्या आधीचा एक प्रयत्न आम्हाला जास्त शिकवणारा वाटतो. इव्रेआच्या ऑलिव्हेत्ती टाइपरायटर कंपनीच्या मालकाचा मुलगा आद्रियानो १९२५-२६ मध्ये अमेरिकेत फिरून आला आणि त्याने कारखान्याची रचनाच बदलली. त्याने लहानपणी त्याच शॉपफ्लोरवर हाताने काम केलेलं होतं. पुढे १९५६ मध्ये त्याच्याच कंपनीने पगार न कापता आठवडा ४८ वरून ४५ तासांचा केला. वाचलेल्या वेळेतला वाटा कामगाराला दिसला. बेदोच्या वेळी नेमकं हेच झालं नव्हतं.

आपल्या मापाने याचा अर्थ असा: सुपरवायझरला चार शनिवार, दोन-दोन तास द्या. पहिल्या दिवशी त्याच्याकडूनच एका पार्टचा टाइम घ्या. दुसऱ्या दिवशी तासाचा दर काढायला लावा, खऱ्या वीजबिलावरून. तिसऱ्या दिवशी मागच्या महिन्याचं फरकाचं पत्रक त्यानेच बनवावं. चौथ्या दिवशी त्याने ते बाकीच्यांना समजावून सांगावं. आणि रिजेक्शन कमी होऊन पहिले पैसे वाचले की त्यातला ठरलेला हिस्सा लगेच, त्याच महिन्याच्या पगारात द्या.

टॅलीशी जुळवा

दुहेरी नोंदीचा छापील ग्रंथ लुका पाचोलीने १४९४ मध्ये व्हेनिसला काढला, आणि १९२० च्या दशकात त्याच शहरात प्राध्यापक जीनो झाप्पा हिशेबशास्त्राला नवं वळण देत होते. अशा देशात कारखान्याच्या खर्चाचा हिशेब मुख्य वह्यांपासून वेगळा चालला की दोन आकड्यांची भांडणं होणारच. आपल्याकडेही एक्सेलमधला नफा आणि टॅलीतला नफा दोन दिशांना जातात.

उपाय कंटाळवाणा आहे पण दुसरा नाही. महिनाअखेर एका पानावर मांडा: प्रमाणित खर्च, अधिक सगळे फरक, अधिक-वजा मालाच्या आणि अर्धवट कामाच्या साठ्यातला बदल. ही बेरीज टॅलीतल्या उत्पादनाच्या खर्चाशी दोन टक्क्यांच्या आत जुळली पाहिजे. जुळत नसेल तर आधी तीन ठिकाणी बघा. बाहेर जॉबवर्कला चलनावर गेलेला माल साठ्यातून सुटला आहे का? बर विकल्याची रक्कम ‘इतर उत्पन्ना’त गेली आहे का? ती मालाच्या खर्चातून वजा व्हायला हवी. आणि महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांत आलेल्या बारचं बिल पुढच्या महिन्यात चढलं आहे का?

प्रमाण केव्हा बदलायचं

ड्रॉइंगची रिव्हिजन, नवं टूल, नवं मशीन, बॅचचा आकार: यांपैकी काही बदललं की लगेच. भाव दर तिमाहीला. ऑपरेटर वेगाने करायला लागला म्हणून वेळेचं प्रमाण खाली ओढायचं नाही. तसं एकदा केलंत की पुढच्या टाइम स्टडीला हात आपोआप जड होतात, आणि ते परत हलके व्हायला वर्षं जातात. जुनं कार्ड फाडू नका. त्यावर आडवी रेघ मारा, तारीख घाला, कशामुळे बदललं ते एका ओळीत लिहा आणि नव्या कार्डाच्या मागे टाचून ठेवा. सुरुवात जास्तीत जास्त खप असलेल्या पाच पार्टांपासून करा. बाकीचे पार्ट या पाचांचं पत्रक सलग तीन महिने टॅलीशी जुळल्यावर घ्या.